खुर्द्याचा हिशोब

२०२५च्या मे महिन्यात सात तारखेपासून दहा तारखेपर्यंत भारत-पाकिस्तान सरहद्दीवर तोफा आणि ड्रोन चालले. त्याच चार दिवसांत मराठवाड्यातल्या कवींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर वेगळीच लढाई जुंपली. कुणी युद्धाविरुद्धची कविता टाकली, कुणी तिच्याखाली ‘आधी सरहद्दीवर जाऊन ये’ असं लिहिलं, मग एकीकडून ‘अंधभक्त’ आणि दुसरीकडून ‘देशद्रोही’. तोफा थांबल्या, ही लढाई अजून चालू आहे. परभणी असो की उदगीर, कविसंमेलनाच्या चहाच्या वेळेला ती पुन्हा पेटते आणि दर वेळी तितक्याच वाईट रीतीने लढली जाते. एका बाजूला वाटतं की युद्धविरोधी कविता म्हणजे शत्रूच्या सोयीचं रडगाणं. दुसऱ्या बाजूला वाटतं की कवी जात्याच शांततेचा पुजारी असतो आणि त्याच्या दोन कडव्यांपुढे रणगाडे थबकतात. दोन्ही बाजूंचा एका गोष्टीवर मात्र एकोपा आहे: या प्रकारची कविता फारशी न वाचताच तिच्यावर बोलायचं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. युद्धविरोधी कवितेचं काम युद्ध थांबवणं हे नाही, आणि प्रत्येक युद्ध अन्याय्यच असतं असं मानायची तिला गरजही नाही. शेतमजुराच्या मजुरीवरची किंवा गावाच्या पाणवठ्यावरची कविता ज्या अर्थाने सामाजिक निषेधाची कविता असते, त्याच अर्थाने हीसुद्धा आहे. लढाई कोण ठरवतो आणि तिची किंमत कुणाच्या घरातून वसूल होते, हा तिचा प्रश्न. तो विचारला की जिंकलेल्या युद्धाचेही सूत्रधार अस्वस्थ होतात. म्हणून तर तिच्यावर एवढा राग.

हा प्रश्न आपल्याला युरोपाने शिकवलेला नाही. पैठणला सातवाहनांची राजधानी होती. त्या घराण्यातल्या हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत एक दोन ओळींची गाथा आहे. गावच्या मुखियाच्या पोराची छाती शस्त्रांच्या घावांनी खडबडीत झाली आहे; तिच्यावर डोकं टेकून त्याच्या बायकोला कशीबशी झोप लागते, आणि वस्ती मात्र सुखाने झोपते. संपली कविता. वीराची स्तुती म्हणून ती खुशाल वाचा, गाव सुखाने झोपतं ते त्याच्याच जिवावर. पण कवीची नजर कुठे खिळली आहे ते बघा. शत्रू कोण होता, विजय कुणाचा झाला, याबद्दल अवाक्षर नाही. आहेत ते व्रण, आणि त्या व्रणांवर कूस बदलणारी बाई. गावाचं रक्षण झालं हे तो नाकारत नाही, पोराने लढायला नको होतं असंही म्हणत नाही. त्या रक्षणाचा भार एका अंथरुणावर पडला आहे एवढंच तो गावाला दाखवतो. गोदावरीच्या काठी शतकांपूर्वी ज्याने कुणी हे लिहिलं, त्याला आजच्या वादातल्या दोन्ही बाजूंपेक्षा जास्त कळत होतं.

मराठवाडा तसा फौजांच्या वाटेवरचा मुलूख. १२९६ साली अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला तिथपासून पुढे कितीतरी सैन्यं इथल्या वावरांतून गेली. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगीरला हरवलं. पुढच्याच महिन्यात परतूरच्या तळावर उत्तरेच्या मोहिमेचा निर्णय झाला आणि फौज पानिपताकडे निघाली. ते परतूर आज जालना जिल्ह्यात आहे. तिथून निघालेल्यांपैकी परत किती आले? पानिपतानंतर पेशव्यांच्या हाती पडलेली सांकेतिक चिठ्ठी मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, आणि खुर्दा, म्हणजे साधे शिपाई-प्यादे, किती गेला त्याची गणतीच नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्या सावकाराला मी दोष देत नाही, त्याला बातमी पोचवायची होती. पण युद्धाचा जमाखर्च कसा लिहिला जातो याचा इतका प्रामाणिक दाखला दुसरा नसेल. मोती मोजले जातात, मोहरा मोजल्या जातात. चिल्लर मोजायला बसण्याइतका वेळ कुणाकडे नसतो. जालना जिल्ह्यातच असई आहे. पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन आपली सगळ्यात चांगली लढाई कोणती असं विचारल्यावर या असईचं नाव घ्यायचा. २३ सप्टेंबर १८०३च्या त्या लढाईत इंग्रजांच्या बाजूचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांवर, हे कागदावर आहे. शिंदे-भोसल्यांच्या बाजूचे किती? त्याचे नुसते अंदाज. युद्धविरोधी कविता म्हणजे या न मोजलेल्या खुर्द्याचा हिशोब मागणं, अशी माझी साधी समजूत आहे.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र मान्य करायलाच हवा. काही लढाया टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत. मराठवाड्याच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. मे १९४८मध्ये बीदर जिल्ह्यातल्या गोरट्यात निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी हत्याकांड केलं, ते कुठल्या कवितेने थांबलं नसतं. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली, याबद्दल मला तरी हळहळ नाही. त्याच्याही आधीचं उदाहरण हवं असेल तर गुरू गोविंदसिंगांचा जफरनामा घ्या. फारसी पद्यात औरंगजेबाला लिहिलेलं ते पत्र. लिहिणाऱ्याने देह ठेवला नांदेडला आणि ज्याला लिहिलं त्याची कबर खुलताबादेत, म्हणजे पत्राची दोन्ही टोकं आपल्याच मुलखात विसावली आहेत. सगळे उपाय थकले की हाताने तलवार धरणं धर्म्यच, ही त्यातली ओळ युद्धाचे समर्थक आवडीने सांगतात. ती आहेच. पण तिच्या अवतीभवती काय आहे? कुराणावर घेतलेली शपथ तुझ्या माणसांनी मोडली, चाळीस भुकेल्यांवर दहा लाख चालून आले तर त्या चाळिसांनी काय करायचं, असा बादशहाला घातलेला जाब आहे. तलवार उचलणारा कवीसुद्धा कोण खोटं बोललं, किती जण किती जणांवर तुटून पडले, हे आधी मांडून ठेवतो.

आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानातला उर्दू कवी मखदूम मोहिउद्दीन बघा. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत त्याने शिपायावर कविता लिहिली. निघालेल्या शिपायाला विचारा तो कुठे चालला आहे, कोण दुःखी बाई भुकेल्या मुलांना गाण्याने रमवते आहे, प्रेतं जळल्याचा वास कुठून येतो आहे, असं ती विचारते. १९६०च्या ‘उसने कहा था’ चित्रपटात ती गाणं म्हणून आली आणि घराघरांत पोचली. याच मखदूमने स्वातंत्र्याच्या युद्धाचं समरगीतही लिहिलं, आणि तेलंगणच्या शेतकऱ्यांच्या सशस्त्र लढ्यात तो स्वतः होता. अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, त्यात फॅसिझमशी झुंजणाऱ्या शहराचा जयजयकार आहे. मग यांना कुठल्या रकान्यात टाकणार? युद्धविरोधी असणं म्हणजे काही झालं तरी न लढणं, हे समीकरण दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीसाठी बांधलं आहे. मखदूम त्यात बसत नाही. कुणासाठी लढायचं हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणूनच साम्राज्याच्या लढाईत भाड्याने नेलेल्या शिपायाला तो वाटेत अडवून प्रश्न विचारू शकला.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे, म्हणून उत्तर द्यायला जास्त अवघड. घरात पंख्याखाली बसलेला कवी सैनिकाच्या बलिदानाची किंमत कमी करतो, असं लोक म्हणतात. काही कवी करतातही. सैनिकाला खुळा किंवा रक्ताला चटावलेला ठरवणाऱ्या कविता मी ऐकल्या आहेत. त्या वाईट कविता आहेत, आणि ज्यांचा मुलगा फौजेत आहे त्यांना त्या ऐकून राग येतो तो रास्त आहे. पण पहाटे पाचला बीड, हिंगोली, धाराशिवकडच्या कुठल्याही रस्त्याने जाऊन बघा. रस्त्याच्या कडेने पोरं धावत असतात. सोळाशे मीटर किती मिनिटांत निघालं ते मोबाइलवर बघतात, छाती फुगवून मोजतात, भरतीची तारीख कधी निघते ते एकमेकांना विचारतात. कोरडवाहू शेतकऱ्यांची पोरं, ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं. देशावर प्रेम असतंच, आणि दोन एकरांत भागत नाही हेही असतं; यातलं एक खरं म्हणून दुसरं खोटं होत नाही. जून २०२२मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी चौघांतल्या एकालाच पुढे ठेवायचं, बाकीच्यांनी घरी यायचं. परत आलेल्या तिघांनी पंचविशीत काय करायचं, हे विचारणारी कविता सैनिकाच्या विरोधातली आहे की त्याच्या बाजूची? आणि व्यासपीठावरून रक्ताच्या थेंबाथेंबाची भाषा करणाऱ्यांपैकी किती जणांची मुलं पहाटे त्या रस्त्यावर धावत असतात?

‘आधी सरहद्दीवर जा’ म्हणणाऱ्यांना तर इतिहासानेच उत्तर दिलं आहे. पहिल्या महायुद्धातले दोन सगळ्यात कडवट इंग्रज कवी, सिगफ्रीड ससून आणि विल्फ्रेड ओवेन, खंदकात लढलेले अधिकारी होते, आणि दोघांनाही शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळाला. ससूनने १९१७च्या जुलैमध्ये जाहीर निवेदन काढलं की बचावासाठी सुरू झालेलं हे युद्ध आता मुलूख जिंकण्याचं युद्ध झालं आहे. ते पार्लमेंटात वाचलं गेलं. सरकारने त्याच्यावर लष्करी खटला भरायचं टाळलं आणि मनावर आघात झालेल्या अधिकाऱ्यांच्या इस्पितळात पाठवून दिलं. शूर माणूस युद्धाविरुद्ध बोलतो म्हणजे त्याचं डोकं ठिकाणावर नसणार, ही सरकारी युक्ती तेव्हापासूनची. त्याच इस्पितळात त्याला ओवेन भेटला. पुढे दोघेही आघाडीवर परतले. ४ नोव्हेंबर १९१८ला ओवेन मारला गेला, युद्ध संपायला आठवडा उरला असताना. त्याच्या आईला तार मिळाली ती ११ तारखेला, गावात विजयाच्या घंटा वाजत होत्या तेव्हा. यांना कुणी भित्रं म्हणून दाखवावं.

आणि १९६५? त्या युद्धावर सरहद्दीच्या अलीकडे साहिर लुधियानवीने लिहिलं: रणगाडा पुढे सरको की मागे, धरणीची कूस वांझच होते. पलीकडे जयघोषाच्या गाण्यांचा पूर आलेला असताना फैज अहमद फैजने मेलेल्या शिपायाचा मर्सिया, म्हणजे शोकगीत, लिहिला. त्यात आई मातीत झोपलेल्या लेकराला ‘ऊठ माझ्या लाला’ म्हणून हाका मारते. त्या आईच्या तोंडी त्याने उंची फारसी घातली नाही. तिची बोली इतकी साधी आहे की ती अमृतसरची की लाहोरची, हे शब्दांवरून सांगता येऊ नये. आपल्याकडे जात्यावर बसलेली बाई ज्या सुरात लेकाला आळवते त्याच्या फार जवळची. सैनिकाचा यापेक्षा मोठा सन्मान कुठल्या वीरगीताने केला आहे? वीरगीताला सैनिक लागतो तो लढेपर्यंत. त्याच्या मागे उरलेल्या घराला ते दिवसभराचं भाषण आणि चौकाचं नाव देतं.

धर्मग्रंथाचा दाखला तर हमखास येतोच. परवा एका संमेलनात एक गृहस्थ उठून म्हणाले, कुरुक्षेत्रावर अर्जुनही कविता करायला लागला होता, श्रीकृष्णाने त्याला उठवून उभं केलं. टाळ्या पडल्या. मुद्दा चुकीचा नाही. गीता लढ म्हणते आणि ज्ञानोबांनीही तिचा अर्थ लपवलेला नाही. पण महाभारत भीष्मपर्वावर संपत नाही. पुढे स्त्रीपर्व आहे. गांधारी रणभूमीवर जाते आणि एकेक प्रेत ओळखते, त्याच्याजवळ बसलेली त्याची बायको दाखवते, गिधाडं आणि कोल्ही दाखवते, आणि शेवटी खुद्द कृष्णाला शाप देते. व्यासांनी तिला गप्प केलेलं नाही. त्याहून विलक्षण गोष्ट तिच्या नंतर घडते. धृतराष्ट्र विचारतो, किती मेले? आणि जिंकलेला युधिष्ठिर आकडा सांगतो: १६६ कोटी २० हजार, शिवाय २४ हजार १६५ जणांचा पत्ता नाही. आकडा अर्थातच पुराणातला. पण बेपत्ता झालेल्यांची मोजणी शेवटच्या पाचापर्यंत करणारा हा कवी कोण आहे ते बघा. ज्यांचं कुणी उरलेलं नाही, दूरदेशातून येऊन मेले, त्यांनाही लाकूड आणि तेल घालून अग्नी द्यायची आज्ञा युधिष्ठिर देतो. पानिपताच्या चिठ्ठीत ज्याची गणती झाली नाही तो खुर्दा इथे मोजला गेला आहे. गीता सांगणाऱ्याने स्त्रीपर्व वगळू नये, एवढीच विनंती. परंपरा हवी तर पुरती घ्यावी.

आता तिसरा आक्षेप, आणि तो शहाणी माणसं घेतात: कवितेने काही बदलत नाही. ओवेन वाचूनही दुसरं महायुद्ध झालं. हिरोशिमावर कविता झाल्या आणि अणुबॉम्बांचे साठे वाढतच गेले. हे सगळं खरं आहे. पण मग मला सांगा, ज्याने काही बदलत नाही त्याची भीती का वाटते? हिरोशिमाच्या कुरिहारा सादाको या कवयित्रीची १९४६ची एक कविता आहे. उद्ध्वस्त इमारतीच्या अंधाऱ्या तळघरात जखमी माणसं दाटीवाटीने पडली आहेत, तिथे एका बाईला कळा सुरू होतात. गंभीर जखमी, मरायला टेकलेली एक सुईण पुढे येते, बाळंतपण करते, आणि उजाडायच्या आत मरते. अमेरिकेबद्दल त्यात एक वाक्य नाही. तरी त्या काळात ताब्यातल्या जपानात अमेरिकी सेन्सॉर बॉम्बवरच्या लिखाणाची छाननी करत होता, आणि तिच्या संग्रहातल्या कविता कापल्या गेल्या. जेत्या महासत्तेला विमानांची भीती नव्हती, कवितांची होती.

शिवाय ‘काय बदललं’ ही मोजपट्टी आपण फक्त याच कवितेला लावतो. २७ जुलै १९७८ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगावच्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत किती गाणी झाली, किती जलसे झाले. त्यातल्या कुठल्या गाण्याने विद्यापीठाची पाटी बदलली, असा प्रश्न कुणी शहाणा माणूस विचारत नाही. मोर्चाला माणसं लागतात, न्यायालयाला वकील लागतात, आणि जळालेल्या घरातल्या माणसाला उद्या पुन्हा मोर्चाला यायचं बळ लागतं. गाण्याने ते दिलं. जे झालं ते दंगल नव्हती, अत्याचार होता, हेही सरकारी कागदाच्या आधी गाण्यांनीच स्पष्ट सांगितलं. युद्धाच्या काळात याची गरज कमी होत नाही, वाढते. मे २०२५मध्ये एका रात्रीत कित्येक वाहिन्यांनी कराची बंदर बेचिराख करून टाकलं. बातमी खोटी होती. त्याच दिवसांत पूंछमध्ये तोफगोळ्यांनी आपली खरी माणसं मेली, त्यांत लहान मुलं होती, आणि त्यांच्या वाट्याला पडद्यावर किती मिनिटं आली? पहलगामला २२ एप्रिलला मारल्या गेलेल्या २६ जणांचं, त्यातल्या महाराष्ट्रातल्या सहा जणांचं दुःख खरं होतं. ते दुःख क्रिकेटच्या समालोचनासारखं ओरडून विकलं गेलं, त्याचा निषेध कोण करणार होतं? पत्रकारांनी करायला हवा होता. निदान त्या आठवड्यात बहुतेकांनी केला नाही.

एवढी वकिली केल्यावर आमच्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. मराठवाड्यात सध्या लिहिली जाणारी बहुतेक युद्धविरोधी कविता निकामी आहे. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर लिहिताना याच कवींना सावकाराच्या वहीतली नोंद दिसते, गोठ्यातलं मोकळं दावं दिसतं, पोरीच्या लग्नाची फिसकटलेली बोलणी ऐकू येतात. युद्ध म्हटलं की तोच कवी कबुतरं उडवायला लागतो. ऑलिव्हची फांदी येते. अख्ख्या मराठवाड्यात ऑलिव्हचं झाड किती जणांनी पाहिलं असेल देव जाणे. मग ‘युद्ध नको, बुद्ध हवा’ येतं. ही घोषणा कुणाला टोचते? २०१९च्या सप्टेंबरमध्ये आपल्या पंतप्रधानांनी संयुक्त राष्ट्रांत जवळपास हेच वाक्य म्हटलं, आणि १९७४ साली पोखरणच्या अणुस्फोटालाही बुद्धाच्याच हास्याचं नाव दिलं होतं. सत्ता स्वतः जी ओळ व्यासपीठावरून म्हणू शकते ती निषेधाची ओळ राहत नाही. कवीने त्यावर टाळ्या घेतल्या की आयोजकही खूश, पाहुणेही खूश.

युद्ध आपल्या मुलखात कुठून शिरतं ते बघितलं तर कबुतरांची गरज पडणार नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. पोटॅश आपल्याला रशिया-बेलारूसकडून यायचं, सूर्यफुलाचं तेल मुख्यतः युक्रेनहून. खताच्या दुकानापुढची रांग, घाण्यावरचा तेलाचा भाव, मोंढ्यात सोयाबीनच्या वर-खाली होणाऱ्या बोलीकडे डोळे लावून बसलेला शेतकरी, सगळ्यात ते युद्ध होतं. इथे डॉक्टरकी परवडत नाही म्हणून तिकडे शिकायला गेलेली महाराष्ट्रातली पोरं तळघरांतून फोन करत होती. यावर लिहायला कवीला जगाच्या नकाशापुढे उभं राहावं लागत नाही, बाजारच्या दिवशी तालुक्याला जावं लागतं. अशी कविता वाचून कुणी ‘देशद्रोही’ म्हणायला उठला तर त्याला आधी खताच्या गोणीचं बिल नाकारावं लागेल.

राहता राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो सगळ्यात सभ्य आवाजात येतो. ‘तुमचं म्हणणं बरोबर आहे हो, पण ही वेळ नाही.’ यात तथ्य आहे. फौज समोरासमोर उभी असताना, घरोघरी आया फोनकडे बघत बसलेल्या असताना प्रत्येक वाक्य तोलून बोललं पाहिजे. अशा आठवड्यात कविता वाचायचीच असेल तर फैजच्या मर्सियासारखी वाचावी, जिच्यात शत्रूची टिंगल नाही आणि स्वकीयांना शिकवणंही नाही. स्त्रीपर्वसुद्धा युद्ध संपल्यावरच येतं, हेही कबूल. पण योग्य वेळेची वाट बघणारे खरंच वाट बघत असतात का, हे तपासायला मराठवाड्याला बाहेर जावं लागत नाही.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर काय झालं? पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल आणि त्यांचे सहकारी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संस्थानात फिरले. त्यांच्या अहवालात रझाकारांचे अत्याचार नोंदवले आहेत. पोलीस कारवाईच्या, म्हणजे भारतीय फौजांच्या त्या मोहिमेच्या, वेळी आणि नंतर मुस्लिमांच्या झालेल्या कत्तलीही नोंदवल्या आहेत. संपूर्ण संस्थानात कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मेली असावीत असा त्यांचा अंदाज होता. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत दोन आपले: उस्मानाबाद आणि नांदेड. जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना लपवणारे हिंदूही त्या अहवालात आहेत. तो अनेक दशकं लोकांपुढे आला नाही. मुक्तिसंग्राम न्याय्य होता, निजामाचं राज्य गेलं ते चांगलं झालं, आणि तरीही हा खुर्दा मोजायचा राहून गेला. तो मोजल्याने मुक्तिसंग्राम कमी होत नाही. गोरट्यात मेलेल्यांची आठवणही पुसली जात नाही. रझाकारांविरुद्धच्या लढ्याचे आपण पोवाडे गायले, ते गायलाच हवेत. पण त्या शरद ऋतूत विहिरींपाशी, मळ्यांत, ओस पडलेल्या मोहल्ल्यांत काय घडलं यावरच्या मराठी कविता शोधायला लागलं तर हाताची बोटं उरतात. घराघरांतल्या म्हाताऱ्या माणसांना सगळं ठाऊक होतं, कुणी कुणाला मारलं आणि कुणी कुणाला कणगीत लपवलं. ती माणसंही आता जवळजवळ संपली.

तेव्हा ‘ही वेळ नाही’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच सुचवतो. दरवर्षी १७ सप्टेंबरला ध्वजवंदन झालं की जिल्ह्याजिल्ह्यांत कविसंमेलनं होतात. येत्या वर्षी तिथे गोरट्यावरची कविता वाचा, आणि तिच्या लगेच मागे त्याच वर्षीच्या उस्मानाबादवरची एक वाचू द्या. आयोजकांनी नाही म्हटलं तर कारण विचारा. तोफा थांबून पाऊणशे वर्षं उलटून गेली, त्यामुळे वेळेचं कारण त्यांना देता येणार नाही. दुसरं कुठलं देतात ते नीट लिहून घ्या.